गुलाबाच्या हारातली अळी

४ मे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. खरंच साष्टांग, पोटावर आडवी पडूनच लिहितेय, म्हणून अक्षर असं उताणं गेलंय.

आधी सांग, तू केलेला तो क्लेच्या गुलाबांचा हार घरातच आहे ना? दुकानातल्या बाईंना दाखवला नाहीस ना? नसशील तर तिसऱ्या गुलाबाखालचं पान उलटून बघ. तिथं एक अळी आहे. हिरवीगार, गुबगुबीत, दोन काळे डोळे. ओरडू नकोस, आपल्याच क्लेची आहे. तू ट्रे ओव्हनमध्ये सरकवायच्या आधी मीच हळूच चिकटवली.

चूक तुझीपण आहे. पोस्टमनकाकांना मी क्लेचं चॉकलेट दिलं, त्यांनी ते चावलं, त्यात माझा काय दोष? त्यावर तू मला तासभर क्ले मळायची शिक्षा दिलीस. हाताचे पार तुकडे पडले. राग कुठंतरी निघणारच ना!

पण घरी आल्यावर आठवलं, आधीचे दोन दागिन्यांचे सेट डब्यातल्या डब्यात तडकले म्हणून बाईंनी तुला शेवटचा चान्स दिलाय. हा पसंत पडला तर काचेच्या कपाटात जागा, नाही तर ती जागा मण्यांचे दागिने करणाऱ्या बाईला. तेव्हापासून जेवण जात नाहीये. (दुपारचं. रात्रीचं जातं.)

ती अळी काढ. मग मला हवं तेवढं बोल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
टोळधाड

१३ मे

चि. टोळधाडीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अनेक धपाटे, ते समक्ष देईन.

तुझं पत्र मला काल मिळालं. पोस्टमन तुझ्या चॉकलेटपासून आपल्या दाराशी फिरकतच नाहीत. त्यांनी ते खालच्या मजल्यावर टाकलं आणि खालचे गावाला गेलेले. मी हार घेऊन दुकानात गेले आठ तारखेला.

बाईंनी चष्मा लावला, हार नाकाशी धरला, पाकळ्यांचं कौतुक केलं आणि पान उलटलं. एवढी मोठी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. हार जमिनीवर, बाईंची चप्पल हातात, आणि दणादण पाच वार! मी डोळेच मिटले. मिटल्या डोळ्यांपुढून ते काचेचं कपाट चालत मण्यांवालीकडे निघालेलं दिसलं.

डोळे उघडले तर हार जसाच्या तसा. एक पाकळी हलली नाही. तुटला तो चपलेचा अंगठा.

बाई स्टुलावर टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या. मग खाली वाकून त्यांनी मुद्दाम आणखी एक चप्पल मारून पाहिली. म्हणाल्या, आधीचे सेट नुसत्या बघण्यानं तडकत होते, याच्यात असं काय घातलंत? मधला कप्पा दिला मला! मात्र अळी काढून आणा म्हणाल्या.

कशी काढू? भाजताना ती पानाशी एकजीव झालीय. सुरी वाकडी झाली. शेवटी त्यांना दुसरा हार कबूल केला. अळीवाला मीच गळ्यात घालते. भाजीवाला रोज मागे सरकतो.

एक सांगते, हसू नकोस. क्ले नीट मळली नाही की भाजल्यावर ठिसूळ होते. माझ्या मनगटात पहिल्यासारखा जोर राहिला नाही. सेट तडकायचे ते त्यामुळेच. बाईंना सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. मला आता रोज तासभर मळायची शिक्षा झालेली एक मुलगी हवी आहे. तर लगेच निघ, आणि शिक्षा देता येईल असं काहीतरी करूनच ये.

तुझी,
आत्या

१९ मे

ती. आत्यास,

या वेळी उभ्यानंच नमस्कार, कारण बॅग भरतेय.

मनगटाचं आधी सांगायचंस की गं! दोन तास मळले असते. नाही, दीड.

हे पत्र वेळेत मिळेल. पाकिटाला बाहेरूनच पोस्टमनकाकांसाठी खरं चॉकलेट चिकटवलंय. विश्वास बसावा म्हणून एक घास मी आधी खाल्लाय.

आणि गुन्ह्याची चिंता सोड. तो मागच्या वेळी निघतानाच करून ठेवलाय. क्लेचा मोठा डबा उघडशील तेव्हा जरा लांबूनच उघड. आत क्लेचीच एक पाल आहे, अळीपेक्षा मोठी, आणि हिला पाय आहेत.

येतेच आहे, तोवर माया राखून ठेव.

तुझी,
टोळधाड