आईला भेटल्याशिवाय नाही

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. आपल्या घरी कुत्र्याचं पिल्लू येतंय! आई गेल्यापासून धड दोन शब्द न बोलणारे बाबा स्वतःहून हो म्हणाले. मोबाइलवर जाहिरात दिसली. तपकिरी, कुरळं, नुसता लोकरीचा गुंडा! दुकानात चष्म्याचा नंबर तपासायच्या आधी मी गिऱ्हाइकांना त्याचा फोटोच दाखवते. विकणारा म्हणाला, घरी यायची तसदी नको, रविवारी पेट्रोल पंपावर आणून देतो. किती भला माणूस! बाबांनी वाडगा आणलाय, पिल्लू त्यात पोहेल एवढा.

तुझ्या मायेतला एक वाटा आतापासूनच पिल्लासाठी काढून ठेव.

तुझी,
खारुताई

६ फेब्रुवारी

चि. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दादा हो म्हणाला हे वाचून डोळे भरून आले, आणि त्या भल्या माणसाचं वाचून लगेच कोरडेही झाले. अगं वेडे, पंपावर पेट्रोल घ्यावं, पिल्लू नव्हे! त्याच्या घरी जा. पिल्लू आईजवळ खेळताना बघ. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर घेऊ नकोस, आणि कोणत्या डॉक्टरने लस दिली तेही विचार. आई दाखवायला तो टाळाटाळ करू लागला, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, मागे फिर. दया येऊन एक उचललंस, तर त्याच्या जागी तो दुसरं जन्माला घालील.

रागावू नकोस. तुझ्या आनंदावर विरजण घालायला नाही, तो टिकावा म्हणून लिहिलं.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर दोन दिवस रुसले होते, पण ऐकलं. आम्ही हट्टाने त्याच्या पत्त्यावर गेलो. आई कुठेय विचारलं, तर म्हणाला गावाला पाठवलीय. कुत्री काय माहेरी जाते? तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून भुंकणं ऐकू आलं. बाबा सरळ आत घुसले. एकावर एक पिंजरे, ओल्या फरशीवर पिल्लं, डोळ्यांत चिपडं. बाबा असे कडाडले की मीच दचकले! आमचा गुंडा तिथेच होता. त्याला तसाच ठेवून निघताना मी रस्ताभर रडले.

घरी येताच प्राणिरक्षण संस्थेला कळवलं. पोलिसांना घेऊन त्यांनी सगळ्यांना सोडवलं. पिल्लांवर उपचार चालू आहेत. गुंडा आता खातोय, त्याला न्यायला माणसांची रांग लागलीय. पण पिंजऱ्यात वर्षानुवर्षं पिल्लांची वेतं काढलेल्या त्याच्या आईला कुणी विचारत नव्हतं. आम्ही संस्थेत भेटायला गेलो, तर बाबा तिच्यासमोर नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आली आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवून झोपली. बाबा मला म्हणाले, हिलाच नेऊ या.

आत्या, ती घरी आलीय! गवतावर पाय ठेवायलाही घाबरायची. आज सकाळी बागेत बाबांनी दोरी जरा सैल सोडली, तर वाऱ्यासारखी सुटली गं! कान मागे, जीभ बाहेर, आणि तिच्यामागे एका पायात चप्पल घातलेले बाबा, मोठमोठ्याने हसत.

लवकर ये. लाड करायला माझे दोन हात पुरत नाहीत.

तुझी,
खारुताई