गाडी मागे घेताना

पेडणे,
८ फेब्रुवारी २०२३

ती. रत्नावहिनींस,

यशवंतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. तुमची कोकमाची सोलं पोचली. बायकोने, रूपालीने त्याच दिवशी कढी केली. सोबतची चिठ्ठीही वाचली. 'माझो घोव गेल्याक दोन वर्सा होत इली, एकदाव तोंड दाखवलंस नाय. एवढो मोठो झालंस?'

नाही हो वहिनी, मोठा कसला! मोपाला रस्त्याच्या कामावर पोरं मला हसतात. तुमचा गोकुळदास आणि मी एकाच टिपर-ट्रकवर वीस वर्षं काढली, आणि आता रिव्हर्स टाकायचा म्हटलं की माझे हात गारठतात. गाडी मागे घेताना ती पीं पीं वाजते ना, आम्ही दोघं होतो त्या कोविडच्या वॉर्डात मशीन तसंच वाजायचं. एकदा तर गाडी चालू ठेवून खाली उडी टाकली आणि पळालो.

रूपालीला वाटलं, मला बाहेरचं काहीतरी लागलं. राखणदार देवचाराला रोटाचा नैवेद्य ठेवून झाला. शेवटी तीच मला म्हापशाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आता गोळ्या चालू आहेत, झोप लागते. बाई विचारतात, वॉर्डातलं काही कुणाला सांगायचं राहिलंय का? मी दोनदा नाही म्हटलं.

राहिलंय, वहिनी. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी म्हणालो, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. खोटं बोललो. भर दुपार होती. शेजारच्या खाटेवरून तो हाक मारत होता, "यशवंता, पाणी दी रे." बाटली माझ्या उशाशी होती. माझ्या तोंडावर ऑक्सिजन. तो काढला तर मी मरेन, एवढंच डोक्यात. मी भिंतीकडे तोंड केलं. नर्स आली तोवर हाक थांबली होती. मशीन वाजतच होतं.

तिसऱ्या खेपेला बाईंना हे सांगितलं. त्या म्हणतात, उठला असतात तर दोन पावलांवर पडला असतात. असेल तसं. मला काही ते पटत नाही. तुमच्या दारात यायची हिंमत झाली नाही ती यामुळे.

या रविवारी सकाळच्या बसने बांद्याला येतो. आल्याबरोबर गूळपाणी पुढे करू नका. आधी माझ्याकडे नीट बघा, वहिनी. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा.

त्याची हाक ऐकलेला,
यशवंत