क्लिओपात्राचं पोतं

जुईनगर,
१४ फेब्रुवारी १९९३

प्रिय नौमान,

सलाम आणि खूप दुवा. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. कुवेतला थंडी आहे म्हणतोस, इथे दुपारी पंखा लावावा लागतो. अम्मीची शुगर वरखाली चालूच आहे. अब्बा बरे आहेत. पायाची जखम भरत आलीय. काल सारात मीठ कमी पडलं म्हणून रुसून बसले, यावरून काय ते समज.

पहिल्या दोन ओळींत तू विचारपूस केलीस आणि पुढची दोन पानं मला झापलंस. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, एवढं लक्षात ठेवून झापत जा. ‘अब्बांना ज्या हमालाने पोत्याचा आकडा मारला त्याचं नाव पोलिसांना दे, नाहीतर मामूंच्या वकिलाकडून मी परस्पर अर्ज देतो,’ असं तू लिहिलंस. गावाकडून, म्हसळ्याहून, कुणीतरी तुला अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं मी सांगते.

शाळेतून रिटायर झाल्यावर अब्बा मसाला मार्केटात मिरचीच्या गाळ्यावर हिशेब लिहायला जायचे, हे तुला माहीत आहे. गुरुवारचं माहीत नसेल. गुरुवारी दुपारी डबे खाऊन हमालांची टोळी पोत्यांवर आडवी व्हायची, आणि तंबाखू मळून तोंडात जाईपर्यंत अब्बा त्यांना जगाच्या इतिहासातला एक माणूस सांगायचे. एका गुरुवारी एकच. चंगीझखान, नेपोलियन, लिंकन, हिटलर. हमाल सगळे साताऱ्याकडचे गडी. ‘मास्तर, मेली किती ते आधी सांगा,’ म्हणायचे, आणि मग पुढचं ऐकायचे. नेपोलियन थंडीत रशियावर गेला तेव्हा टोळीतला ज्ञानू म्हणाला होता, ‘एवडा शाना गडी, पर कुनाला इचारलं न्हाई जायच्या आदी.’ फ्रान्सच्या राणीची मान कापली त्या दिवशी दोघांनी डबा तसाच परत नेला.

सगळ्यांत आवडली ती क्लिओपात्रा. भावाने तिला राज्यातून हाकललं होतं आणि ज्याची मदत हवी तो सीझर राजवाड्यात होता. मग तिच्या एका माणसाने तिला अंथरुणाच्या पोत्यात घालून, बांधून, पाठीवरून पहारेकऱ्यांच्या समोरून आत नेलं. ‘म्हंजी हमालच की त्यो,’ हिरामण म्हणाला होता. हा हिरामण लक्षात ठेव. तू ज्याचं नाव मागतोस तो हाच.

जानेवारीच्या दंगलीत ते लोक मार्केटात शिरले तेव्हा दुपार होती. आधी चहावाल्या अल्तमशला धरलं, तलवारीने पाडलं. गाळ्यावरच्या लोखंडी मापांनी त्याचं डोकं ठेचलं. किटली अजून स्टोव्हवर होती. अब्बांना ज्ञानूने आणि हिरामणने मागच्या बाजूला ओढलं, मिरचीचं एक मोठं पोतं अर्धं रिकामं केलं, त्यात अब्बांना बसवलं, वरून मिरची ओतली आणि तोंड शिवलं. कुणी काही बोललं नाही म्हणे. बोलायची गरजच नव्हती, गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

चूक पुढे झाली. हे मला ज्ञानूने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून सांगितलं. मोठा बाप्या गडी, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. ‘आक्का, आमी मास्तरांस्नी हातावर उचाललं. लेकरू उचालतो तसं. आनी तितंच घात झाला.’

हमाल पोतं कधी हाताने उचलत नाही, नौमान. आधी आकडा रुतवतो, मग ओढतो. त्या जमावाच्या पुढाऱ्याने, एका सफारी सूटवाल्याने, ते पाहिलं. मार्केटातलाच माणूस, त्याला ही रीत ठाऊक. म्हणाला, ‘आकडा का नाय लावत रे? अंडी भरलीत का आत?’ त्याच्या हातात तलवार होती आणि ती अल्तमशच्या रक्ताने भरली होती.

हिरामणने कमरेचा आकडा काढला आणि खच्चून मारला.

अब्बांच्या पोटरीत मुठीपर्यंत गेला. आत त्यांनी स्वतःचं मनगट चावलं, दातांचे वण अजून आहेत. हिरामणने तोच आकडा ओढत पोतं ज्ञानूच्या पाठीवर चढवलं. पोत्याला ओल दिसली तेव्हा सफारीवाल्याने विचारलं, हे काय. हिरामण म्हणाला, ‘वजनाला पानी मारलंय शेटनं, नेहमीचंच हाय.’ सगळे हसले आणि वाट दिली. ज्ञानूने सांगितलं, ट्रकपर्यंत जाताना पाठीवरून गरम धार त्याच्या पायापर्यंत येत होती.

आता जे तुझ्यापासून चोरून ठेवलं ते लिहिते. जखम भरत आलीय हे खरं. पण ती पोटरीची जखम नाही. जखमेत मिरची गेली होती, कर्फ्यूत दवाखाना उशिरा मिळाला, पाय काळा पडला. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून काढला. अब्बांनीच सांगितलं, पोराला कळवू नका, नोकरी सोडून येईल.

रडून घे. मग पुढचं वाच.

मी काही संत नाही. हिरामण हॉस्पिटलात आला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. तो उभाच राहिला. मी विचारलं, हळू मारता आला नसता? तो म्हणाला, ‘हळू मारला असता तर वळखलं असतं त्येनी. पोटाकडं का पायाकडं, एवडाच इचार झाला.’  

पोत्यात कोण होतं हे आठवड्याभरात फुटलं. सफारीवाल्याच्या माणसांनी हिरामणची तुर्भ्यातली खोली जाळली आणि त्याचा उजवा हात सळईने मोडला. ज्ञानूने त्याला आमच्याकडे आणलं. तो तुझ्या खोलीत झोपतो. अम्मी त्याचं ताट आपटून ठेवते, पण ठेवते. अब्बांना संडासला तोच नेतो, एका हाताने. हे काम त्याला अब्बांनी सांगितलेलं नाही, कुणीच सांगितलेलं नाही.

अल्तमशच्या खुनाची फिर्याद उभी आहे. सफारीवाला धरला गेलाय. डोळ्यांनी पाहिलेली माणसं पुष्कळ, कोर्टात उभं राहायला तयार दोघंच, ज्ञानू आणि हिरामण. परवा मंगळवारी ओळखपरेड आहे. तुझा अर्ज दाखल झाला की हिरामण साक्षीदार राहत नाही, आरोपी होतो. मग त्याच्या बोलण्याला कोण विचारतो? सफारीवाला घरी जाईल आणि मुलाचं मढं नुसत्या कपड्यांवरून ओळखणारी अल्तमशची आई तशीच राहील. सोसायटीतले जिन्यात भेटले की सांगतात, टेन्शन कशाला घेता, गावी जा. खिडकीची काच दोनदा फुटली. जाणार नाही.

तुझा राग मला कळतो. माझाही तसाच आहे. सकाळी हिरामण चहा मागतो तेव्हा त्याच्या हाताकडे बघवत नाही. पण अब्बा आज जिवंत आहेत ते त्याच हातामुळे, आणि पाय गेला तोही त्याच हातामुळे. यातलं एक धरून दुसरं सोडता येईना, मी खूप प्रयत्न केला.

मामूंच्या वकिलाला हे पत्र मिळताच फोन कर. अर्ज दिला असशील तर मागे घे. ईदला ये, अब्बांना डोळे भरून बघ. पण या घरात येऊन हिरामणच्या अंगावर हात टाकलास, तर पोलिसात पहिलं नाव मी तुझं देईन. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, राहू दे तसंच.

अजून तरी तुझीच,
बुशरा आपा