रोममध्ये दुपारी अडीचला

रोम, २ मे २०००

ती. बाईजाताईस,
धाकट्या विठूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आपली शीतल मुरबाडची नोकरी सोडून इथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून येणार, हे वाचून मी जिन्यातच नाचलो. मी राखण करतो त्या इमारतीतली म्हातारी मंडळी मला आधीच अर्धवट समजतात, आता त्यांची खात्री पटली.

भाचीला सांग, बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि बसमधल्या यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवायचा. ठसा नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनाच्या बसमध्ये पर्स पोटाशी धरायची, म्हशाच्या जत्रेत धरतो तशी. पाणी विकत घेऊ नये. गल्लोगल्ली लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी आपल्या विहिरीसारखं गार. चर्चमध्ये खांदे झाकून जावं. रस्ते दगडी आहेत, उंच टाचा मुरबाडलाच ठेवाव्यात.

दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद. खिडक्यांच्या फळ्या ओढून सगळे घरात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या वेळात तिने माझ्या गल्लीत एकटीने येऊ नये. आणि आपल्या बोलीत कुणी हाक मारली तर ओ देऊ नये. आई सांगायची तेच, की जितं माणूस तीनदा हाक मारतं, मेलेलं एकदाच, आणि त्या एकाच हाकेला ओ दिली तर हाकेमागे जावं लागतं.

ताई, आता तुझ्यापुरतं. आई गेली तेव्हा कागदपत्रांच्या घोळात मला येता आलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी कुणीतरी खालून मला हाक मारतं. एकदाच. आवाज आईचा. थंडीत ही हाक दीड वाजता यायची. मार्चअखेर इथे सगळं शहर घड्याळं तासभर पुढे करतं, तशी दुसऱ्या दिवसापासून ती अडीचला येऊ लागली. मी मोजून पाहिलं. आपल्याकडे दोन्ही वेळा संध्याकाळचे सहाच वाजलेले असतात. मी कानांत बोटं घालून बसतो. मला फार भीती वाटते.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा
विठू

शेणवा, १९ मे २०००

चि. विठूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

शीतलने सपाट चपला घेतल्या. पण नळाचं पाणी तिला पटेना, म्हणून तुझं पत्र तिने तुझ्या भावजींकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. शेवटचा मजकूर मी आधीच फाडून ठेवला होता.

विठू, आई सहालाच गेली हे मी तुला कधी कळवलं नव्हतं. तुला ते कुठून कळलं या विचाराने दोन रात्री डोळा लागला नाही. आता खरं ते लिहिते. जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तिने अंथरुणावरून तुला हाक मारली. मग दुसरी मारली. तिचा जीव तुझ्यात अडकला होता, मला बघवेना. तिसरीसाठी तिने तोंड उघडलं आणि मी दाराआडून, आवाज जाड करून, तुझ्या नावाने ओ दिली. आलो गो आये, असंही म्हटलं. ती हसली आणि गेली. मला वाटलं, मी पुण्य केलं.

तुझ्याकडे येते ती एकटी हाक नाही रे. मी तिच्या तोंडात अडवलेली तिसरी आहे ती. तू ओ दे. चुकीचं सांगत असेन तर माझ्यावर येऊ दे, पण तू तरी कानांत बोटं घालू नकोस.

शीतलबरोबर लोणचं धाडते. ताईवर राग धरू नये, ही विनंती.
तुझी
ताई

रोम, १६ जून २०००

ती. सौ. आईस,
शीतलचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मामाचा एकूण एक सल्ला खरा निघाला, नळाचंसुद्धा. बसमध्ये एकाने पर्सला हात घातलाच, मी असा आवाज काढला की त्यानेच माझी माफी मागितली.

तुझं पत्र मामा बरेच दिवस खिशात घेऊन फिरले, मग मला सगळं सांगितलं. काल, गुरुवारी, मला सोबत घेऊन दारात उभे राहिले. ऊन रखरखीत, गल्ली ओस. बरोबर अडीचला हाक आली. आई, मीही ऐकली. आजीच होती. मामांनी ओ दिली आणि आलो म्हणाले. कोपऱ्यावरचा नळ तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा वाहू लागला. मग मामा पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. आज हाक आली नाही. त्यांचे कागद आता पुरे आहेत, रजा मिळाली की घरी येणार म्हणतात.

तब्येतीला जप. तुझ्या मायेत अंतर नसावं.
तुझी
शीतल

शेणवा, १७ जून २०००

चि. विठूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू ओ दिलीस, हे मला कुणी कळवायला नको. परवा गुरुवारी सहाला अंगणातून तुझा आवाज आला. मी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळायला घेऊन धावले. कुणी नव्हतं. तरी तुकडा ओवाळून टाकला, उंबऱ्यावर पाणी घातलं. घरात कुणी आल्यावर वाटतं तसं वाटलं. फार बरं वाटलं.

पण काल सहाला आईने मला हाक मारली. आजही मारली. एकदा नाही विठू, सावकाश, पुरत्या तीनदा. दाराआडून, मी त्या दिवशी उभी होते तिथून. तुझे भावजी तिथेच विळ्याला धार लावत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. तीन हाका झाल्यावर ओ न देणं आपल्यात बसत नाही, आणि ओ दिली तर तिच्यामागे जावं लागेल, तेही मला ठाऊक आहे. मी चूल फुंकत बसले आणि नाही दिली.

भाताच्या आवणीच्या आधी ये. तुझं तोंड बघितल्यावर ओ देईन. एकच सांगते, शीतललाही सांग. माझा जीव राखायला म्हणून तुमच्यापैकी कुणी माझ्या नावाने ओ देऊ नये. ती माझी मीच देईन.

वाट बघते आहे, तेवढा लोभ ठेव.
तुझी
ताई