पडद्याअलीकडची पंगत

२९ ऑक्टो., बुध. दिल्ली.
पोचलो. दादा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला, तोही पडद्याच्या पुढे, बिझनेस क्लासात. हौस म्हणून नाही. ट्रॅक्टर उलटल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नाही. मागच्या सीटांत तो पाय मावत नाही आणि रेल्वेच्या संडासात त्याचे हाल होतात. म्हणून जावयाने पुढची दोन तिकिटं काढली, एक त्याचं, एक सोबतीला माझं, बहिणीचं.

वैशूला, त्याच्या दिल्लीतल्या लेकीला, अकरा वर्षांनी दिवस गेलेत. सहावा संपत आला. वहिनी आता नाही. बाळंतपणाला बाप जवळ हवा, हा तिचा हट्ट. तारीख जानेवारीअखेरची. ही खेप नुसती भेटून यायची.

सेवा उत्तम. दारात नाव घेऊन नमस्कार, गरम टॉवेल, लिंबूपाणी. दादाने टॉवेल उलगडून तोंड, मान, कोपरापर्यंत हात, सगळं पुसलं आणि घडी करून परत दिला. मुलगी हसली नाही. गुण तिला. जेवणाचं वाकून, त्याच्याकडे बघत विचारलं. दादा मला म्हणाला, "वाढपी चांगली हाय. घाई न्हाई हिला." आमच्या डिंगोऱ्याच्या सप्ताहात चाळीस वर्षं वरणाची बादली धरलेल्या माणसाचं हे प्रशस्तिपत्र. कंपनीने फ्रेम करून लावावं.

६ नोव्हें., गुरु. जुन्नर.
परत. तीच कंपनी, तीच दुसरी रांग. बाकी काहीही तेच नाही.

दारात, पास न बघता, "अंकल, पीछे." धोतर-टोपी बघून ठरलं. मी पास पुढे केला तर "ओह." सॉरी बहुधा पहिल्या रांगेसाठी राखून ठेवतात. दादाची एकुलती पिशवी मागच्या कप्प्यात गेली, कारण वरचा कप्पा पहिल्या रांगेतल्या सुटातल्या गृहस्थाच्या तीन बॅगांनी भरला होता.

जेवण. पहिल्या रांगेला बशीत काढून. आम्हाला फॉइलचे डबे तसेच ट्रेवर, उघडा तुमचे तुम्ही. मी वाटेच्या अलीकडे, दादा पलीकडे; त्याच्या शेजारी खिडकीशी बसलेल्या माणसाचं शाकाहारी संपलं होतं. "चेक करती हूँ" म्हणून मुलगी गेली ती गेलीच. दादा हात मांडीवर ठेवून थांबला. शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलत नाही. मलाही हे लहानपणापासून माहीत आहे, पण तीस वर्षं पुण्यात वृत्तपत्राच्या डेस्कवर बातमी लावता लावता जेवले, ते वळण गेलं. मी जेवत होते. दादा थांबलाय हे बघितलं आणि जेवत राहिले.

पंधरा मिनिटांनी मुलगी आली आणि त्याचा भरलेला ट्रे न विचारता उचलून घेऊन गेली. खिडकीतल्या माणसाला बिस्किटं.
मी: "अहो, ते जेवले नाहीत अजून."
"मॅम, सर्विस क्लोज़ हो गई."
सुटातले गृहस्थ त्या वेळी दुसरी कॉफी घेत होते.

दादाने चाकणच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा वडापाव खाल्ला, दोन.

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी दादाचा फोन.
"शालू, येक सांगायचं राह्यलं."
काल मी डुलकी काढत होते तेव्हा तो पुढच्या संडासाकडे गेला होता. "ये बिज़नेसवालों के लिए है" म्हणून परत पाठवला. ताठ पाय, काठी, वाटेत ट्रॉली. सगळं विमान ओलांडून शेपटापर्यंत जाऊन आला.
"अरे, पास दाखवायचास की!"
"मुतायला पास दाखवू व्हय?"

मग, "वैशूला सांग, मी आता इमानात बसनार न्हाई. रेल्वे मला जमत न्हाई. झालं."

जानेवारीचं काय, हे मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही. वैशूला अजून कळवलेलं नाही.

१० नोव्हें., सोम.
मी लिहिते त्या मासिकाच्या संपादकांना फोन. प्रवास अंकासाठी विषय सुचवला, देशातल्या विमानांत पुढच्या वर्गात मिळणारी सेवा. "छान, हलकंफुलकं होईल," म्हणाले. बाराशे शब्द, ९ डिसें.

कंपनीलाही तक्रार पाठवली. दोनशे शब्द, विशेषण एकही नाही. राग आला की मी वाक्यं लहान करते. दारात काय म्हटलं, ट्रे कधी उचलला, संडास कुठला. त्या मुलीचं नाव माहीत होतं, छातीवर पट्टी होती. लिहिलं नाही. अख्ख्या विमानाला तिघी, जेवणाचे डबे मोजून कमी चढवलेले, आणि कुणापुढे वाकायचं, कुणाकडे बघायचं नाही, हे त्या पोरीच्या डोक्यातून आलेलं नाही. ते शिकवणारा कुठल्यातरी एसीत बसलाय.

१९ नोव्हें., बुध.
उत्तर आलं. मराठीत मागितलं होतं, मराठीत आहे, यंत्राने केलेलं. दादाची "श्रीमती" झालीय. "सेवेत सातत्य राखण्याचा आमचा सततचा सातत्यपूर्ण प्रयत्न." डेस्कवर असते तर ज्याने लिहिलं त्याला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं असतं. संडासाबद्दल एक शब्द नाही. माझ्या नावावर काही पॉइंट जमा. माझ्या! मला काय झालं होतं? मी पोटभर जेवले होते.

२ डिसें., मंगळ. बंगळूर.
एका परीक्षक मंडळाच्या कामाला. तिकीट त्यांचं, योगायोगाने तीच कंपनी. लेखासाठी बरं म्हणून पॉइंट घालून पुढची सीट घेतली. घ्यायला नको होती असं आता वाटतंय, सकाळी वाटलं नव्हतं.

दारातच एक कोट घातलेला बाबा उभा. "शालिनी मॅडम? आपला मागचा अनुभव आम्हाला ठाऊक आहे." माझ्या नावापुढे कुठेतरी खूण झालेली दिसते. मग जे सुरू झालं. उशी, दुसरी उशी. जेवण बशीत. सगळ्या क्रूच्या सह्या असलेलं कार्ड. केक, वर चॉकलेटने माझं नाव. दर दहा मिनिटांनी कुणीतरी गुडघ्यावर येऊन विचारतंय, काही हवं का. एवढी विचारपूस माझ्या बाळंतपणातही झाली नव्हती.

शेजारी पन्नाशीतल्या एक बाई, पोराने तिकीट काढून दिलेलं, पहिलाच प्रवास. त्यांनी पाणी मागितलं. "शुअर मॅम." परत मागितलं. "शुअर." तिसऱ्यांदा मागितलं नाही, पर्स उघडून गोळी हातात घेऊन बसून राहिल्या. मुलगी त्या वेळी माझ्या केकचा फोटो काढत होती.

मी केक खाल्ला. मग बाईंसाठी पाणी मागितलं. लगेच आलं, ट्रेवर, नॅपकिनसकट.

हे क्रमाने लिहून ठेवते. केक आधी, पाणी नंतर.

४ डिसें., गुरु. डिंगोरे.
दादाकडे. कांद्याची लागवड चालू. उन्हं कलायच्या आत बायकांना घरी पाठवायची घाई, शेजारच्या उसात बिबट्याचा माग दिसलाय. बांधावर बसून त्याला बंगळूरचं सांगितलं.
"त्या बाईला पानी मिळालं का?"
"मिळालं. मी मागितल्यावर."
"कवा मागितलंस?"
"केक खाऊन झाल्यावर."
त्याने रोपांची जुडी सोडली. मग म्हणाला, "म्हंजी भांडला त्याला आदी, आनि गप बसला त्याला उरलं तर. ह्याला काय वाढनं म्हनत्यात व्हय, राव? आमच्यात आसा वाढपी दुसऱ्या दिशी बादलीला हात लावत न्हाई."
सूनबाई डोक्यावर पाटी घेऊन उभी. "आत्या, पन केक कसा व्हता?"
"चांगला होता गं."
"मंग जाऊं द्या." आणि दोघं हसायला लागली. मीही.

उठताना वैशूचा विषय काढला. हसू गेलं. "तिला म्हनावं सासू हाय, नवरा हाय. मी काय बाळंतपन करनार हाय?" दोन सऱ्या पुढे जाऊन वळला. "फोन करत जाईन म्हनावं."

९ डिसें., मंगळ.
लेख दुपारी चार वाजता दिला, पाचपर्यंत मुदत होती. पावणेसहाला संपादक. "जबरदस्त. फक्त तो केकचा परिच्छेद काढू या. वाचकाला तुमच्या बाजूने उभं राहायचं असतं."

मी म्हटलं, तोच तर लेख आहे. ते म्हणाले, जागाही कमी आहे. जागा कमी आहे हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं लोकांना ऐकवलंय आणि दर वेळी खोटं होतं. काढू दिला.

आता लेखात मी फार सज्जन बाई आहे.

२८ डिसें., रवि.
दोन फोन.

वैशू. बीपी वाढलंय, पायांना सूज. डॉक्टर म्हणतात कदाचित जानेवारीअखेरपर्यंत थांबणार नाहीत. "आत्या, बाबा विषय काढला की फोन दादूकडे देतात. माझं काही चुकलं का?" दादू म्हणजे तिचा भाऊ. मग अगदी हळू, "मला भीती वाटते. त्यांना सांगू नको."
तेव्हा तिला सगळं सांगितलं, ट्रे, संडास. "पाय ओढत मागेपर्यंत गेले?" एवढंच तिने विचारलं.

दुसरा फोन कंपनीच्या साहेबांचा. अंक आलाय आणि त्यांच्या टेबलावर पोचलाय. तक्रारीला नऊ दिवस लागले, छापलेल्याला दोन. "मॅडम, सरांचं नाव आणि पुढच्या प्रवासाची तारीख फक्त द्या. मी पर्सनली बघतो. एकदम व्हीआयपी."
"आणि त्यांच्या शेजारी बसेल त्याचं?"
"सॉरी मॅडम?"
कळवते म्हटलं.

११ जाने., रवि.
डिंगोऱ्याला जाऊन दादाला बीपीचं सांगितलं. वैशूने नको म्हटलं होतं ते भीतीचंही सांगितलं. तो गोठ्यासमोर उभा होता. बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.
"तिकीट काढ."
"दोघांचं?"
"तू नगं येऊ म्हनलं तर ऱ्हाशील व्हय? पन येक ऐक. माझं नाव कुनाला सांगायचं न्हाई. त्या केकवाल्यांना तर न्हाईच. माझ्यासाठी कुनी पुढं पुढं केलं तर मी तिथनं माघारी फिरीन. वाढलं तर खाईन, न्हाई वाढलं तर डबा नेतो."
"बरं."
"बरं न्हाई. शब्द दे."
दिला.

संध्याकाळी जुन्नरला आल्यावर साहेबांना त्याचं नाव आणि १६ तारीख कळवली.

कारण लिहून ठेवायला हवं. मागच्यासारखं झालं तर तो तिथे पोचेल पण परत कधी जाणार नाही, आणि एका बाळंतपणाने थोडंच संपणार आहे, बाळ वाढणार, बारसं, जावळ. शिवाय साहेबांना म्हटलं, गाजावाजा नको, फक्त नीट वागा. "डन मॅडम." आजवर मला "डन" म्हणालेल्या एकाही माणसाने सांगितलेलं केलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी फोन ठेवताना बरं वाटलं.

१६ जाने., शुक्र. लोहगाव, विमानतळ.
पहाटे जावयाचा निरोप, वैशूला रात्री दाखल केलंय, सिझेरियन करायचं का ते आज संध्याकाळपर्यंत ठरवतील. दादाला वाटेत मंचरला सांगितलं. त्यानंतर त्याने एकदाही गाडी चहाला थांबवू दिली नाही.

दिल्लीत धुकं, विमान तासभर उशिरा. काउंटरच्या रांगेत लागलो. आमच्यापुढे दहाबारा माणसं. दादा खुशीत नव्हता पण शांत होता. पुढच्या माणसाच्या कडेवरच्या पोरीला काठीची मूठ धरू देत होता.

मग ते आले. चौघं. एकाच्या हातात पाटी, दादाचं पूर्ण नाव, खाली "विशेष अतिथी". दुसऱ्याकडे गुच्छ, तिसऱ्याकडे चाकांची खुर्ची, चौथ्याच्या गळ्यात कॅमेरा. पाटीवाल्याने रांगेची दोरी सोडली आणि दादासाठी वाट करायला पुढच्या माणसांना हाताने बाजूला सारलं. पोरीचा हात मुठीवरून सुटला. "जरा साइड प्लीज़. साइड." गुच्छवाला मला म्हणाला, "मॅडम, एक फोटो फक्त. तुम्ही दोघं."

दादाने पाटी वाचली. शाळेत वाचायचा तसं बोट लावल्यासारखं, अक्षर अक्षर. मग माझ्याकडे बघितलं.
"कुनी सांगितलं ह्यांना?"
मी म्हटलं, "कंपनीला कळलं असेल."
"शालू."
"मी."

तो रांगेतून बाहेर पडला आणि खांबाजवळच्या बाकावर जाऊन बसला, पाय पुढे ताठ. मी त्याच्यापासून दोन जागा सोडून. हे तिथेच बसून लिहितेय, हात मोकळे ठेववत नाहीत म्हणून. चौघंही समोर उभे आहेत. पाटी अजून वर धरलेली आहे. रांग पुढे सरकली, पोरीचा बाप सामान टाकून आत गेलासुद्धा.

काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं. जावयाचा फोन येऊन गेला, उचलला नाही. उचलून काय सांगू?

आत्ताच म्हटलं, "दादा, माझं चुकलं. पण वैशू."
"ठावं हाय मला."
काठी दोन्ही हातांत धरलीय. उठलेला नाही.