दोन तासांची चर्चा

चिरंजीव वकीलसाहेब,

आशीर्वाद. हा फुकट आहे, बिलात धरू नकोस.

नात लिहून घेतेय. आमच्या खटल्याचं तुझं बिलही तिनेच वाचून दाखवलं. माझा लेक गेला त्या दिवशी तू आलास, मित्राच्या उशाशी बसून ढसाढसा रडलास. मीच तुला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. बिलात त्याला ‘अशिलाशी चर्चा, दोन तास’ म्हटलंय. चर्चा कसली रे? नुसते हुंदके देत होतास.

तुझी फी भागवायला आम्हा दोघींना राहतं घर विकावं लागेल, म्हणून तुझ्यावर दावा केला. हे पत्र पाठवत नाही. वाचल्याचीही फी लावशील. उद्या कोर्टात तोंडावरच विचारीन: बिल खोटं, की रडणं?

बिलच खोटं निघू दे, बाबा. तुला सावरता सावरता माझं रडायचं राहून गेलंय.

अंगठा,
तुझ्या मित्राची आई