मागे जाऊन बघणं

प्रिय ठमे,

आता तू आई झालीस. हे नाव अजून चालतं का, ठाऊक नाही. दुसऱ्या नावाने सुरुवात करून पाहिली, तर परक्याला लिहिल्यासारखं झालं. गुरुवारी तुला पुन्हा मनाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, असं कळलं. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. फोनवर मला जमणार नाही. फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, आणि दोघेही सुटतो.

इकडे ठीक आहे. निवृत्तीनंतरही डेपोत नवे ड्रायव्हर शिकवायला बोलावतात. गाडी पोरं चालवतात, मी शेजारी बसतो. खोली लहान आहे. भिंतीपलीकडे शिंपी राहतो, त्याच्या मशीनची सोबत होते. भाजी करपते, पण नावं ठेवायला कोणी नाही.

तुला ते गवत आठवतं का? तू दहावीत होतीस. शाळा सुटून येत होतीस आणि मी रस्त्याकडेच्या चरात उतरून काठीने गवत बाजूला सारत होतो, डेपोच्या गणवेशात. तू विचारलंस, बाबा, काय हरवलं? मी म्हणालो, घड्याळ. तू दप्तर खाली ठेवलंस आणि माझ्याबरोबर शोधायला लागलीस. बराच वेळ शोधत होतीस. गुडघे मातीने भरले. मिळेल हो बाबा, म्हणत होतीस. घड्याळ माझ्या खिशात होतं.

मी माणूस शोधत होतो. मेलेला.

त्या गतिरोधकावर गाडीचं मागचं चाक रोज आपटायचं. एके दिवशी ते आपटलं आणि मनात आलं, चाकाखाली कोणी आलं का? आरशात पाहिलं, रस्ता मोकळा होता. कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, आलं असतं तर बोंबललं नसतं का, चल, हाण गाडी. पुढच्या थांब्यापर्यंत मला ते पटलं. त्याच्या पुढे पटेना. मेलेला माणूस बोंबलत नाही. ड्यूटी संपल्यावर पायी मागे गेलो. काही नव्हतं. हलकं वाटलं. घराकडे वळलो, तर वाटलं, चरात पाहिलंच नाही.

मग प्रत्येक खड्डा माणूस झाला. मी रोज माझाच मार्ग चालायला लागलो. चर, झुडपं, पुलाखालची जागा. चाकांवर रक्त आहे का ते बघायचो. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मला पाहून म्हणायचा, काय साहेब, आज कोणाला उडवलंत? तो थट्टा करत होता. मला त्या रात्री घास उतरायचा नाही. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीखाली कुत्रंही आलेलं नाही, ठमे. हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता.

तुझ्या आईला काय दिसत असेल? दुपारी सुटलेला नवरा अंधार पडता पडता घरी येतो. विजारीला कुसळं, तोंडावर अपराध, विचारलं तर उत्तर नाही. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता ती म्हणाली, नाव तरी सांगा तिचं.

तेव्हा सांगता आलं असतं. मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. तिने मला एक कारण आयतं दिलं होतं, आणि ते माझ्या खऱ्या कारणापेक्षा बरं होतं. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. तुझी आत्या म्हणाली, दादाने आरशात तोंड पाहिलंय का कधी? डेपोत पाठीवर थापा पडल्या, छुपा रुस्तम निघालास की, म्हणाले. मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. बाहेर बाई आहे म्हटलं की माणसाला चहा पाजतात. डोक्यात बिघाड आहे म्हटलं की त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतात आणि त्याच्या मुलीकडेही निरखून बघायला लागतात. असा मी हिशेब केला. मुलीसाठी केला, असं स्वतःला सांगितलं. तू एकदाच विचारलंस, ती आईपेक्षा चांगली आहे का? मी तुलाही उत्तर दिलं नाही. तुम्ही दोघी गेलात तेव्हा दारात उभा होतो.

पुढे एकदा भरल्या गाडीतून उतरून मागे चालत गेलो. प्रवासी ओरडत होते. वरिष्ठांनी डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरीणबाई तुझ्याहून थोडी मोठी असेल. मी विचारलं, मी वेडा का? ती म्हणाली, हा शब्द आमच्या पुस्तकात नाही. मग काय आहे, म्हटलं, आरशात तर सगळेच ड्रायव्हर बघतात. ती म्हणाली, बघणं हे काम आहे. बघूनही न पटणं, आणि त्यात जेवण, झोप, घर जाणं, याला आम्ही आजार म्हणतो. ताप नळीने मोजतात, तशी नळी याला नाही. जाणती माणसं एकत्र बसतात आणि रेघ कुठे ओढायची ते ठरवतात, कधी पुन्हा खोडून ओढतात. माझा आजार पूर्वी चिंतेच्या घरात होता, आता त्याने आपली वेगळी चूल मांडली आहे म्हणाली. मला राग आला. आजारांच्याही वाटण्या होतात, आणि मी इकडे एकटा.

कशाने झालं, विचारलं. एकाच कशाने नाही म्हणाली. थोडं रक्तातून येतं, थोडं मेंदूच्या घडणीतून, थोडं जगण्यातल्या ताणातून. जागरणाने वाढतं. बायकांना बाळंतपणानंतर उसळू शकतं. मग चूक कोणाची, मी विचारलं. ती म्हणाली, मी कारण सांगतेय, तुम्ही दोष ऐकताय. मला माझी थोरली आत्या आठवली. कातडी फाटेपर्यंत हात धुवायची. आम्ही तिला टापटिपीची म्हणायचो.

गोळ्या घेतल्या. मागे न जाण्याचा सराव केला, तो गोळ्यांहून कडू. आता बरा आहे. पुरता नाही, पण घरी वेळेवर येतो. घरी कोणी नसतं, एवढंच.

परवा जावईबापूंचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, ती बाळाला एकटी घेत नाही. सुऱ्या, कात्र्या माळ्यावर टाकल्यात. आंघोळीला दुसऱ्याच्या हाती देते आणि दाराबाहेर बसून रडते. तिची आई म्हणते, हिची माया आटली. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कोणाला मनाचं काही होतं का? उत्तर तुझ्या आईने दिलं. म्हणाली, आमच्यात कोणी नाही, हिचे वडील बाहेरख्याली होते, वेडे नव्हते. जावईबापूंनी हे चाचरत सांगितलं. माझं खोटं आता तुझ्या औषधोपचारात जाऊन बसलं होतं. तुझ्या मनात काय येतं ते मी विचारत नाही, मला अंदाज आहे. तुला तेच आहे की दुसरं काही, ते डॉक्टर ठरवतील, पण जे येतं ते त्यांना जसंच्या तसं सांग, कितीही घाण वाटलं तरी. माझी डॉक्टरीण म्हणाली होती, ज्याला माणूस चिरडायचा असतो तो मागे जाऊन बघत नाही. तुझी माया आटलेली नाही. आणि त्यांना सांग, माझ्या वडिलांना होतं. आईला तू काही सांगू नकोस, ते ओझं तुझं नाही. बुधवारी मी येतो, तिला मीच सांगतो. तिने दार उघडलं तर घरात सांगेन. नाही उघडलं तर जिन्यात उभा राहून सांगेन. शेजारी ऐकतील. ऐकू देत.

तुझाच,
बाबा